स्क्रीन शेअर करताना "इथे" म्हणजे नेमकं कुठे? ऑन-स्क्रीन पॉइंटरची संपूर्ण माहिती



व्हिडिओ कॉलवर कोणाला फोनमधलं काही समजावून सांगताना आपण दर दोन वाक्यांनी एकच शब्द वापरतो, तो म्हणजे "इथे". "इथे दाब", "इथे बघ", "हे इथलं बटण". आपलं बोट स्क्रीनवर असतं, म्हणून वाटतं की समोरच्यालाही ते दिसतंय. पण स्क्रीन शेअरमध्ये पलीकडे जाते ती फक्त स्क्रीन. बोट जात नाही.

मी बल्लारपूरचा. आमच्या गावातली पुष्कळ मुलं शिकायला किंवा कामाला बाहेर आहेत. कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, तर कोणी बल्लारशाह स्टेशनवरून गाडी पकडून थेट हैदराबादला. घरी राहिलेल्या माणसांची ऑनलाइन कामं मग फोनवरूनच होतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, रेल्वेचं तिकीट, गॅसची केवायसी, सगळं काही. माझ्याकडे अशा कॉलची पाळी आठवड्यातून दोनदा तरी येते, आणि पलीकडून आत्याचा प्रश्न ठरलेला असतो, "अरे पण कुठी दाबू?"

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ऑन-स्क्रीन पॉइंटर. आज आपण बघू की हा पॉइंटर म्हणजे काय, तो फोनवर आणि कॉम्प्युटरवर फुकटात कसा सुरू करायचा, वापरायची योग्य पद्धत कोणती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यात धोका कुठे आहे. लेख थोडा मोठा आहे, पण शेवटचा सावधगिरीचा भाग सोडू नका.

ऑन-स्क्रीन पॉइंटर म्हणजे काय?

साध्या भाषेत सांगायचं तर, आपण स्क्रीनवर कुठे बोट ठेवलंय किंवा कशाबद्दल बोलतोय हे बघणाऱ्याला दाखवणारी खूण म्हणजे ऑन-स्क्रीन पॉइंटर. ही खूण बाण असू शकते, लाल ठिपका असू शकतो, पिवळं वर्तुळ असू शकतं किंवा पेनाने ओढलेली रेघ असू शकते.

कॉम्प्युटरवर माउसचा बाण आधीपासून असतोच. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तो बाण खरं तर स्क्रीनवरच्या चित्राचा भाग नसतो. कॉम्प्युटर तो वेगळ्या थरावर, चित्राच्या वरती दाखवतो. म्हणूनच कॉम्प्युटरवर साधा स्क्रीनशॉट काढला तर त्यात बहुतेक वेळा बाण येत नाही. झूमसारखं सॉफ्टवेअर स्क्रीन शेअर करताना हा बाण मुद्दाम चित्रात मिसळून पुढे पाठवतं.

फोनवर तर बाणच नसतो. तिथे आपलं बोट हाच पॉइंटर, आणि बोट काचेच्या बाहेर असतं. त्यामुळे फोनची स्क्रीन शेअर केली की बघणाऱ्याला पानं आपोआप बदलताना दिसतात. कुठे दाबलं, का दाबलं, काहीच कळत नाही.

एखादा म्हणेल, शाळेत सर वापरतात तो लेझर पॉइंटर घेतला तर? तो भिंतीवरच्या प्रोजेक्टरसाठी ठीक आहे. पण लेझरचा ठिपका भिंतीवर पडतो, फाइलमध्ये नाही. कॉलवर जोडलेल्या मुलांना तो दिसणारच नाही. शिवाय आता बऱ्याच वर्गांमध्ये मोठी टीव्हीसारखी पॅनेल आली आहेत, त्यांच्या चकचकीत काचेवर लेझर नीट उमटत नाही आणि उलटून कोणाच्या डोळ्यात जायची भीती वेगळीच. स्क्रीनच्या आतला पॉइंटर मात्र वर्गात बसलेल्याला आणि घरी बसलेल्याला सारखाच दिसतो.

एवढ्याशा ठिपक्याने काय फरक पडतो?

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीचा नकाशा लावला आणि म्हणालात, "इथे वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि पुढे प्राणहिता होते." नकाशावर पन्नास नावं, दहा रेषा. ऐकणारा आधी "इथे" शोधायला लागतो. तो संगम शोधेपर्यंत तुम्ही ताडोबावर पोहोचलेले असता. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष शोधण्यात गेलं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि आवाज एकत्र वापरून माणूस कसा शिकतो यावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांनी मांडलेल्या तत्त्वांपैकी एक असं आहे की महत्त्वाच्या जागेकडे खूण करून लक्ष वेधलं तर शिकणाऱ्याला जास्त चांगलं समजतं. फळ्यावर छडी ठेवून शिकवणाऱ्या आपल्या गुरुजींना हे आधीच माहीत होतं. ऑन-स्क्रीन पॉइंटर म्हणजे तीच छडी, फक्त स्क्रीनच्या आतली.

याची सुरुवात कुठून झाली?

स्क्रीन शेअरिंग ही लॉकडाऊनमध्ये आलेली गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. पण ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात डग्लस एंगेलबार्ट नावाच्या संशोधकाने एक प्रात्यक्षिक दाखवलं. माउस लोकांसमोर पहिल्यांदा दाखवला गेला तो याच कार्यक्रमात. एंगेलबार्ट स्टेजवर बसले होते, त्यांच्या स्क्रीनचं चित्र मागच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं, आणि काही मैल दूर मेन्लो पार्कमधल्या प्रयोगशाळेत बसलेले त्यांचे सहकारी बिल पॅक्सटन तीच स्क्रीन बघत होते.

म्हणजे माउस, पॉइंटर आणि स्क्रीन शेअरिंग हे तिघं लोकांसमोर आले ते एकाच दिवशी. स्क्रीनवरच्या त्या खुणेला ते लोक "बग", म्हणजे किडा म्हणायचे.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की त्या स्क्रीनवर दोघांच्या दोन खुणा होत्या. पण दोघांचा अधिकार सारखा नव्हता. पॅक्सटन यांची खूण फक्त जागा दाखवू शकत होती. मजकुरात बदल करायचा अधिकार एंगेलबार्ट यांनी स्वतःकडेच ठेवला होता.

हा फरक नीट लक्षात ठेवा मित्रांनो. दाखवणं वेगळं आणि चालवणं वेगळं. पुढे सावधगिरीच्या भागात हाच फरक आपले पैसे वाचवणार आहे.

अँड्रॉइड फोनवर पॉइंटर कसा सुरू करायचा?

चांगली बातमी अशी की यासाठी कोणतंही अ‍ॅप लागत नाही. तुमच्या फोनमध्येच ही सोय आहे. स्क्रीनवर जिथे बोट लागेल तिथे एक छोटा फिकट ठिपका उमटतो, आणि तो स्क्रीन शेअरमध्येही जातो.

स्टेप्स अशा आहेत:

१. फोनच्या सेटिंग्जमध्ये जा आणि सगळ्यात खाली "अबाउट फोन" उघडा.
२. तिथे "बिल्ड नंबर" शोधा. सॅमसंगमध्ये तो "सॉफ्टवेअर इन्फॉर्मेशन"च्या आत असतो. रेडमी आणि पोकोमध्ये बिल्ड नंबरऐवजी ओएस व्हर्जन किंवा एमआययूआय व्हर्जनवर दाबायचं असतं.
३. त्यावर सलग सात वेळा दाबा. फोन पासवर्ड विचारेल, तो टाका. "आता तुम्ही डेव्हलपर आहात" अशा अर्थाचा मेसेज येईल. घाबरू नका, फोनला काही होत नाही.
४. परत सेटिंग्जमध्ये या. "डेव्हलपर ऑप्शन्स" नावाचा नवीन मेनू दिसेल. काही फोनमध्ये तो "सिस्टम" किंवा "अ‍ॅडिशनल सेटिंग्ज"च्या आत असतो.
५. त्यात खाली "इनपुट" या भागात "शो टॅप्स" किंवा "शो टचेस" असेल, ते सुरू करा. फोन मराठीत ठेवला असेल तर नाव मराठीत दिसेल, पण जागा तीच.

झालं! आता स्क्रीनवर कुठेही बोट लावा, ठिपका दिसेल.

त्याच जागी खाली "पॉइंटर लोकेशन" नावाचं अजून एक बटण असतं. ते सुरू केलं की स्क्रीनभर आडव्या-उभ्या रेषा आणि वरती आकडे येतात. ते अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी आहे, आपल्या कामाचं नाही. त्याला हात लावू नका. डेव्हलपर ऑप्शन्समधल्या बाकी कोणत्याही बटणाला हात लावायचा नाही हा साधा नियम ठेवा.

दोन गोष्टी अजून. पहिली, काही बँकांची अ‍ॅप्स डेव्हलपर ऑप्शन्स सुरू असतील तर उघडत नाहीत किंवा सूचना देतात. काम झालं की त्या मेनूच्या सगळ्यात वरचं मुख्य बटण बंद करून टाका. दुसरी, नवीन अँड्रॉइडमध्ये स्क्रीन शेअर करताना फोन विचारतो की पूर्ण स्क्रीन दाखवायची की फक्त एक अ‍ॅप. एकच अ‍ॅप निवडलं तर ठिपका पलीकडे जाईलच असं नाही. म्हणून घरातल्या दुसऱ्या फोनवर एकदा कॉल लावून आधी तपासून घ्या.

व्हिडिओ बनवायचा असेल तर?

लाइव्ह कॉल नको, नुसतं रेकॉर्डिंग करून पाठवायचं असेल तर डेव्हलपर ऑप्शन्सचीही गरज नाही. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच स्क्रीन रेकॉर्डर आला आहे. वरून पडदा खाली ओढा, "स्क्रीन रेकॉर्ड" दाबा, आणि सुरू करण्याआधी "शो टचेस" हा पर्याय चालू करा. सॅमसंग आणि रेडमीच्या रेकॉर्डरमध्येही सेटिंग्जमध्ये अशीच सोय मिळते. घरच्यांना एखादी गोष्ट परत परत समजावून सांगावी लागत असेल, तर असा एक मिनिटाचा व्हिडिओ बनवून पाठवा. त्यांना हवं तितक्या वेळा ते बघू शकतात, आणि गडचिरोलीच्या आतल्या गावात नेटवर्क येत-जात असेल तरी एकदा डाउनलोड झाला की काम होतं.

आयफोनवर काय?

आयफोनमध्ये बोटाचा ठिपका दाखवायची अशी थेट सोय नाही. पण सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग टच आणि असिस्टिव्हटच असं जाऊन ते सुरू केलं आणि ब्लूटूथ माउस जोडला, तर स्क्रीनवर गोल पॉइंटर येतो. मित्राकडे माउस असेल तर प्रेझेंटेशनच्या दिवशी उसना घ्या. अँड्रॉइडलाही ब्लूटूथने किंवा ओटीजी पिन लावून साधा माउस जोडता येतो, आणि कॉम्प्युटरसारखा बाण दिसायला लागतो.

व्हॉट्सअ‍ॅप आणि झूमवर कसं?

व्हॉट्सअ‍ॅपने ऑगस्ट २०२३ मध्ये व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन शेअर आणलं, आणि आता घरच्या घरी मदत करायला सगळ्यात जास्त तेच वापरलं जातं. वरचा टॅप्सवाला ठिपका सुरू करून ठेवला की व्हॉट्सअ‍ॅप असो किंवा गूगल मीट, दोन्हीकडे काम भागतं.

इथे एक युक्ती सांगतो. अर्ज आत्याला भरायचा आहे, मग स्क्रीन कोणी शेअर करायची? बहुतेक जण आत्याला शेअर करायला सांगतात आणि स्वतः तोंडी सूचना देत बसतात. पण तसं केलं तर तुम्हाला तिची स्क्रीन दिसते, तुमचा ठिपका मात्र तिला दिसत नाही. त्यापेक्षा आधी तुम्ही तुमची स्क्रीन शेअर करा, ठिपका सुरू ठेवून तोच अर्ज सुरुवातीपासून उघडून दाखवा, आणि तिला फक्त बघायला सांगा. मग शेअर बंद करा आणि तिला स्वतः करू द्या. दुसऱ्या वेळी ती विचारणार नाही. हे मी घरी करून पाहिलेलं आहे.

झूममध्ये तर पॉइंटरसाठी वेगळी सोयच आहे. कॉम्प्युटरवर स्क्रीन शेअर केली की वरच्या पट्टीत "अ‍ॅनोटेट" येतं. त्यात "स्पॉटलाइट" निवडलं की माउसच्या जागी लाल ठिपका येतो. "अ‍ॅरो" निवडून कुठे दाबलं तर तिथे बाण लागतो आणि त्यावर तुमचं नावही येतं. बघणारेसुद्धा अ‍ॅनोटेट वापरून आपली शंका नेमकी कुठे आहे ते दाखवू शकतात. वर्गात मुलांनी रेघोट्या मारायला सुरुवात केली तर मीटिंग घेणारा ही सोय बाकीच्यांसाठी बंद करू शकतो. अँड्रॉइडवर झूममधून स्क्रीन शेअर केल्यावर पेन्सिलचं चिन्ह तरंगताना दिसतं, त्याने स्क्रीनवर खूण करता येते.

प्रेझेंटेशनमधले तयार पॉइंटर

कॉलेजच्या प्रेझेंटेशनसाठी वेगळं सॉफ्टवेअर शोधायच्या आधी हे करून बघा.

पॉवरपॉइंट: स्लाइड शो सुरू करा. कीबोर्डवर कंट्रोल दाबून ठेवा आणि माउसचं डावं बटण दाबून हलवा. लाल लेझरसारखा ठिपका येईल. तो कायम ठेवायचा असेल तर कंट्रोल आणि एल दाबा. कंट्रोल आणि पी दाबलं की पेन येतो, ई दाबलं की पेनाच्या रेघा पुसल्या जातात. नुसतं बी दाबलं तर स्क्रीन काळी होते आणि सगळे तुमच्याकडे बघतात. कोणी मध्येच प्रश्न विचारला की हे फार उपयोगी पडतं.

फोनवरचं पॉवरपॉइंट: स्लाइड शो चालू असताना स्लाइडवर बोट दाबून धरलं की लेझरचा ठिपका येतो. मग बोट सरकवा.

गूगल स्लाइड्स: कॉम्प्युटरवर प्रेझेंटेशन सुरू करा आणि एल दाबा. ठिपका येतो आणि त्याच्या मागे थोडा वेळ शेपटी दिसते. परत एल दाबलं की बंद.

विंडोज कॉम्प्युटरवर अजून काय काय?

सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये आपल्याला नवीन सॉफ्टवेअर टाकू देत नाहीत. तिथे विंडोजमधली जुनी सोय वापरा. माउसच्या सेटिंग्जमध्ये "पॉइंटर ऑप्शन्स" या भागात सगळ्यात खाली एक टिकमार्क असतो. तो लावला की कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळ येतं. विंडोज १० मध्ये "ईझ ऑफ अ‍ॅक्सेस"मध्ये आणि ११ मध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन बाणाचा आकार मोठा आणि रंग पिवळा किंवा लाल करता येतो. मागच्या बाकावरून दिसायला एवढंही पुरतं.

स्वतःचा लॅपटॉप असेल तर मायक्रोसॉफ्टची दोन फुकट साधनं आहेत.

झूमइट: नावात झूम असलं तरी त्या झूम मीटिंगशी याचा संबंध नाही. हे अगदी छोटं प्रोग्राम आहे. कंट्रोल आणि १ दाबलं की स्क्रीनचा तो भाग मोठा होतो. कंट्रोल आणि २ दाबलं की स्क्रीनवर लिहिता येतं. एस्केप दाबलं की सगळं पूर्ववत. एक्सेलच्या बारीक आकड्यांसाठी यासारखं दुसरं नाही.

पॉवरटॉइज: यात "माउस हायलायटर" आहे. विंडोज, शिफ्ट आणि एच एकत्र दाबलं की त्यानंतर जिथे क्लिक कराल तिथे रंगीत गोल उमटतो. "फाइंड माय माउस" पण यातच आहे. डाव्या बाजूचं कंट्रोल दोनदा दाबलं की बाकी स्क्रीन अंधारते आणि बाणाभोवतीचा भाग उजळतो.

दोन्ही साधनं मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरूनच घ्या. कुठल्याही डाउनलोड साइटवरून घेऊ नका.

पॉइंटर वापरायची पद्धत

साधन मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. ठिपका सतत नाचवला तर बघणाऱ्याचं डोकं दुखतं. मी वापरतो ते नियम सांगतो.

१. आधी ठिपका ठेवा, मग थांबा, मग बोला. नेटवर्क कमी असलं की स्क्रीन शेअरमध्ये चित्रं तुटक तुटक जातात. तुम्ही झर्रकन गोल फिरवलेला ठिपका पलीकडे एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारताना दिसतो, किंवा दिसतच नाही. एका जागी दोन-तीन सेकंद थांबलेला ठिपका मात्र पोहोचतो.

२. "इथे" म्हणताना नावही घ्या. "इथे, उजवीकडे वर, हिरव्या बटणावर." कॉलवर चित्र अडकलं तरी आवाज बहुतेक वेळा पुढे जातो. शिवाय ज्यांना डोळ्यांनी कमी दिसतं त्यांनाही कळतं.

३. काम नसेल तेव्हा ठिपका बाजूला न्या. वाचायच्या ओळीवर बाण ठेवून बोलत राहणं म्हणजे वाचणाऱ्याच्या पुढ्यात हात धरण्यासारखं आहे.

४. रंग बघून घ्या. लाल स्लाइडवर लाल ठिपका दिसत नाही. पॉवरपॉइंटमध्ये "सेट अप स्लाइड शो"मधून लेझरचा रंग हिरवा किंवा निळा करता येतो.

५. फोन आडवा धरा आणि अक्षरं मोठी करा. बघणारा छोट्या फोनवर बघत असेल तर तुमच्या लॅपटॉपची पूर्ण स्क्रीन त्याला मुंगीएवढी दिसते.

सावधान! दाखवणं वेगळं, चालवणं वेगळं

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पॉइंटर फक्त जागा दाखवतो. पण काही अ‍ॅप्स समोरच्या माणसाला तुमचा फोन किंवा कॉम्प्युटर चालवूसुद्धा देतात. त्याला रिमोट कंट्रोल म्हणतात. एनीडेस्कसारखी अ‍ॅप्स कंपन्यांमधल्या कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी बनलेली आहेत आणि तिथे ती योग्यच आहेत. पण ठग त्यांचा गैरवापर करतात. "तुमची केवायसी संपली", "वीज कापली जाईल", "रिफंड देतो" असं सांगून ते अ‍ॅप टाकायला लावतात, अ‍ॅपमधला कोड विचारतात, आणि मग तुमची स्क्रीन त्यांच्या हातात जाते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना याबद्दल इशारा दिला होता. पुढे "राजू अँड द फोर्टी थीव्ज" या चित्रांच्या पुस्तिकेतही रिझर्व्ह बँकेने फसवणुकीचे चाळीस प्रकार गोष्टीरूपाने समजावून सांगितले.

म्हणून हे पक्कं करून ठेवा:

पहिलं: अनोळखी माणसाला स्क्रीन कधीच दाखवू नका. नुसती दाखवली तरी ओटीपीचा मेसेज वरून खाली येतो आणि तो वाचला जातो. बँक, वीज कंपनी किंवा पोलीस कधीही स्क्रीन शेअर करायला सांगत नाहीत.

दुसरं: ओळखीच्या माणसालासुद्धा स्क्रीन दाखवताना पिन टाकायची वेळ आली की आधी शेअर बंद करा. इथे टॅप्सचा ठिपका उलटा घातक आहे. पिनचे आकडे लपलेले असले तरी आकड्यांच्या पाटीवर ठिपका कुठे कुठे उमटला हे बघून पिन ओळखता येतो. पिन टाकताना फोनवर फक्त तुम्ही आणि तुमचं बोट, तिसरं कोणी नाही.

तिसरं: प्ले स्टोअरवर "पॉइंटर", "लेझर", "टच कर्सर" नावाची भरपूर अ‍ॅप्स आहेत. टाकण्याआधी ते कोणती परवानगी मागतंय ते वाचा. "इतर अ‍ॅप्सवर दाखवणे" ही परवानगी ठिपका काढायला लागते. पण "अ‍ॅक्सेसिबिलिटी" मागितली तर थांबा. ही परवानगी मुळात दिव्यांग व्यक्तींच्या सोयीसाठी आहे. ती मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. एका ठिपक्यासाठी घराची किल्ली देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठवलेली एपीके फाइल तर टाकूच नका.

चौथं: स्क्रीन शेअर करण्याआधी "डू नॉट डिस्टर्ब" सुरू करा. अँड्रॉइड १५ मध्ये शेअर चालू असताना ओटीपीसारखे नोटिफिकेशन फोन स्वतः लपवतो, पण जुन्या फोनवर ही सोय नाही आणि घरातल्या मोठ्यांकडे बहुतेक आपलाच जुना फोन असतो.

फसवणूक झालीच तर वेळ घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डेव्हलपर ऑप्शन्स सुरू केल्याने फोन खराब होतो का?
नाही. नुसतं सुरू केल्याने काही होत नाही. आतली बाकी बटणं उगाच बदलू नका, एवढंच.

ठिपक्यामुळे बॅटरी किंवा डेटा जास्त जातो का?
ठिपक्याचा खर्च नसल्यासारखाच आहे. डेटा जातो तो व्हिडिओ कॉलचा. डेटा कमी असेल तर रेकॉर्डिंग करून पाठवा.

फोन टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला कास्ट केला तरी ठिपका दिसतो का?
हो. पूर्ण स्क्रीन कास्ट केली की टॅप्सचा ठिपकाही मोठ्या पडद्यावर दिसतो.

"फोनला लेझर बनवा" असं सांगणारी अ‍ॅप्स खरी असतात का?
फोनमधला फ्लॅश म्हणजे साधा एलईडी दिवा आहे. कोणतंही अ‍ॅप त्याचा लेझर करू शकत नाही. अशी अ‍ॅप्स टाकू नका.

शेवटी एवढंच सांगेन. आज घरी गेल्यावर पाच मिनिटं काढा. आपल्या फोनवर ठिपका सुरू करून बघा आणि घरातल्या मोठ्या माणसाला एक काम त्यावरून शिकवा. त्याच वेळी त्यांना हेही सांगा की स्क्रीन फक्त घरच्यांना दाखवायची, चालवायला कोणालाच द्यायची नाही. हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

माहिती उपयोगी वाटली तर ज्यांना घरून सारखे "कुठी दाबू" असे फोन येतात त्या मित्रांना नक्की पाठवा.